चौक बाईचा, चेक कुणाचा?

(वारली चित्रकलेला मदत करणाऱ्या देणगीदारांच्या बोरिवली येथील बैठकीत केलेले भाषण)



सह्याद्रीच्या डोंगरातली एक संस्कृती टिकावी म्हणून तुम्ही पदरचे पैसे देता, याचा मला आनंद आहे. पण बायकांच्या गटांबरोबर काम करणारी कार्यकर्ती म्हणून मला एक प्रश्न विचारायचा आहे. आपला पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो?

आपण जिला वारली चित्रकला म्हणतो ती मुळात विकायची वस्तू नव्हती. डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. चौकात पालघट देवी. तो लिहिण्याचा मान सवासिनींचा. लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच. यात विधवेला जागा नव्हती, तेव्हा जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. पण कला बायकांच्या हातात होती, हे खरे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी कागद दिला, रंग दिला. भिंतीवरचे चित्र कागदावर आले आणि शहरात नेऊन विकता येऊ लागले. जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा यातूनच जगापुढे आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण त्यांच्यामागून ज्यांची नावे झाली ते मुख्यतः पुरुषच.

हे असेच व्हायला हवे होते का? याच भास्कर कुलकर्णींनी त्याआधी, बिहारच्या १९६६-६७च्या दुष्काळात, मिथिलेच्या बायकांना कागद दिला होता. तिथलीही चित्रे भिंतीवरची, लग्नघरातली. तिथे जगदंबा देवींना १९७५ मध्ये आणि सीता देवींना १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली. मग आपल्याकडे वेगळे का झाले? मला वाटते, उत्तर श्रमविभागणीत आहे. मिथिलेत कागद घरात आला आणि बाईने घरात बसूनच चित्र काढले. वारली बाईला बसायला सवड कुठे? शेत, पाणी, सरपण, आणि पावसाळा सरला की वीटभट्टी. शहरात जाणे, साहेबांशी बोलणे, प्रदर्शनासाठी चार दिवस घर सोडणे पुरुषालाच जमले. आश्रयदात्याला जो भेटला, तो कलावंत ठरला.

हे फक्त डहाणूत घडते असे नाही. गोरेगावच्या आरे वसाहतीत वारली पाडे आहेत. अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांच्या भिंतींवर तारपा नाच रंगवलेला दिसतो. अशाच एका भिंतीचे काम माझ्या ओळखीच्या गटाला मिळाले. पाच बायकांनी भिंत घासली, गेरू लावला, बारीक नक्षी भरली. चेक निघाला एका पुरुषाच्या नावाने, फलकावरही त्याचेच नाव. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, आम्ही काय नुसती भिंतच धुतली का?"

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी धडपड केली. यंत्रावर छापलेल्या नकली वारलीविरुद्ध ते हत्यार आहे. पण त्याचा उपयोग करायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवावे लागते. म्हणजे पुन्हा कागदपत्रे, पुन्हा कचेरीच्या खेपा. जिचे नाव रेशनकार्डापलीकडे कुठेच नाही, तिला हे कोण करून देणार?

म्हणून देणगीदारांकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, कामावर असलेल्या प्रत्येक बाईचे नाव चित्रावर आणि हिशेबात यावे. दोन, पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जावेत. तीन, प्रदर्शनाला बाई येणार असेल तर तिच्या मुलांची आणि बुडालेल्या रोजाची सोय खर्चात धरावी. चार, मानांकनाची नोंदणी करून देण्यासाठी वेगळा निधी ठेवावा.

कुणी म्हणेल, याने पाड्यावर भांडणे लागतील. लागतीलही. पण आज भांडण होत नाही याचे कारण बाई गप्प बसते, एवढेच आहे. पुढच्या देणगीची पावती घेताना संस्थेला एवढेच विचारा : यात बायका किती, आणि त्यांची नावे काय?