चेऊलकरांचा डेव्हिड


आज आठवण एका नटाची.
डेव्हिड अब्राहम चेऊलकर.
पडद्यावर ते नुसते डेव्हिड.

आडनाव पुन्हा ऐका... चेऊलकर.
म्हणजे अलिबागजवळच्या चौलचे.
मराठी बोलणारं बेने इस्रायली घराणं.
कोकणात या ज्यू लोकांना शनवार तेली म्हणत.
कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद!


डेव्हिड पदवीधर.
पण नोकरी काही मिळेना.
अखेर १९३७ साली ते सिनेमात आले.

ठेंगणी मूर्ती... डोक्याला टक्कल...
नायक होणं शक्यच नव्हतं.
मग ते सगळ्यांचे काका झाले.

१९५४ सालचा 'बूट पॉलिश' आठवतो?
त्यात ते झोपडपट्टीतले जॉन चाचा.
स्वतः चोरून दारू विकणारा हा माणूस...
पोरांना मात्र सांगतो, भीक मागू नका, काम करा.
उपदेश असूनही तो कंटाळवाणा होत नाही.
ही डेव्हिडची करामत.
या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं.
१९६९ साली पद्मश्री.

'गोलमाल', 'बातों बातों में'...
इथेही तेच हसरे काका.
होय, चौलच्या चेऊलकरांचेच!

'बूट पॉलिश' पाहिला नसेल, तर जरूर पाहा.