पट्टीवरची पुसट रेघ

पाळी चुकली की आपण आशाताईंकडून निश्चय किट आणतो. ‘सी’पाशी रेघ ठळक येते, ‘टी’पाशी अगदी पुसट. मग घरात वाद, दिवस गेलेत की नाही? गटाच्या बैठकीत हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून आज त्या रेघेतच शिरू या.

ती रेघ शाईची नसते, बारीक रंगीत कणांची असते. काही किटमध्ये कण चक्क सोन्याचे असतात (गहाण ठेवण्याइतके नव्हे हं!), तर काहींत पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे.

प्लास्टिकचे असे गोल कण करण्याची एक रीत म्हणजे डिस्पर्शन पॉलिमरायझेशन. स्टायरिन नावाचा द्रव अल्कोहोलमध्ये विरघळतो. तो तापवत ढवळला की त्याचे रेणू साखळीसारखे जुळून प्लास्टिक होते. हे प्लास्टिक मात्र अल्कोहोलात विरघळत नाही, म्हणून ते दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते. दाण्यांचा गोळा का होत नाही? आपण साबुदाण्याला शेंगदाण्याचं कूट लावतो ना, खिचडी मोकळी व्हावी म्हणून? तसंच इथे दुसऱ्या एका पॉलिमरचं पातळ आवरण दाण्यांना बसतं. काही तासांत दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं. कणात रंग किंवा दुसरा पदार्थ मिसळला की तो मिश्र, म्हणजे कॉम्पोझिट कण. हे काम प्रयोगशाळेचंच. स्टायरिन पेट घेतं, त्याची वाफही बाधते, तेव्हा गटाचा उद्योग म्हणून कुणी मनात आणू नये.

किटसाठी या कणांवर अँटिबॉडी चिकटवतात. गर्भ रुजला की लघवीत एचसीजी हे संप्रेरक येतं. कण त्याला धरतात आणि लघवीबरोबर सरकत ‘टी’पाशी अडकतात. एचसीजी थोडं, तर कण थोडे, तर रेघ पुसट. म्हणजे किटवर लिहिलेल्या वेळेत आलेली पुसट रंगीत रेघसुद्धा बहुधा ‘होय’च असते. तासाभराने उमटलेली मात्र धरायची नाही. ‘सी’पाशी काहीच नाही आलं, तर किट वाया गेलं, दुसरं घ्यायचं.

शंका राहिली तर दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासा. पण पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल, रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुसऱ्या पट्टीची वाट पाहू नका. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. त्याच पावली दवाखाना गाठा, रात्र असली तरी १०८ला फोन करा.