शेर, शीर आणि सव्वाशेर



माझं काम सॉफ्टवेअरचं. तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की प्रोग्राम घोळ घालतो. मराठीत ‘शेर’चं तसंच आहे.

एक शेर फारसी. मूळ अर्थ सिंह; आपल्याकडे तो वाघालाही लागला, म्हणून सिंहाला मुद्दाम ‘बब्बर शेर’ म्हणावं लागतं. दुसरा अरबीतून आलेला, गझलेतला. तिसरा मापाचा: चार शेरांची एक पायली. आपल्या वाशीमकडे आजोबांच्या पिढीनं ज्वारी-तूर याच मापानं मोजली. ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण या मापावरून आलेली आहे, जंगलातून नाही. ती सिंहाच्या फोटोखाली टाकून स्टेटस ठेवणारे आपल्यातही आहेत, त्यांच्यातही. दोघांनी आपापल्या आजोबांना विचारावं.

खरी गंमत इराणात. तिथं आज सिंहही ‘शीर’ आणि दूधही ‘शीर’. जुन्या फारसीत दोन उच्चार वेगळे होते. तो फरक आपल्याकडे टिकला. ईदच्या शीरखुर्म्यातलं शीर म्हणजे दूध, संस्कृत ‘क्षीर’चं सख्खं भावंड.

आणि ‘सिंह’? पतंजलीच्या महाभाष्यात तो ‘हिंस्’ची अक्षरं उलटवून साधलाय. अरबीत मात्र सिंहाला नावंच नावं: असद, हैदर, उसामा.

कॉलेजात एकजण म्हणाला होता, ‘हैदर हे काय आपल्याकडचं नाव नाही.’ त्याच्या वडिलांच्या नावात सिंह होता. मी दोन्हींचा अर्थ सांगितला. तो हसला, मग म्हणाला, ‘म्हणजे माझा बाप पण हैदरच की!’