शाल, श्रीफळ आणि त्यानंतर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)



पोटापाण्यासाठी भिलाईला आलो, कारखान्यात नोकरी केली आणि इथलेच झालो. आपल्यापैकी बहुतेकांची कथा हीच आहे. आज मी बोलणार आहे ते मात्र आपल्यापैकी नसलेल्या, तरीही दरवर्षी आपल्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या एका माणसाबद्दल.

काही वर्षांपूर्वी शिवनाथ नदीवर विसर्जनाच्या वेळी आपला एक मुलगा पायरीवरून घसरला. घाटावर उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकाने क्षणात उडी मारली आणि त्याला बाहेर काढले. हा गृहस्थ सायकल दुरुस्तीचे दुकान चालवतो. नदीत कोणी बुडाले की लोक त्यालाच हाक मारतात. वीस वर्षे तो हे विनामूल्य करत आला. आपण त्याचा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ दिले. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "साहब, घर में ग्यारह शालें हो गयीं, अब कमर साथ नहीं देती." मी हसलो खरा, पण घरी आल्यावर जेवण गेले नाही.

प्रश्न असा आहे, की दीर्घकाळ सेवा करणाऱ्या अशा माणसांना समाजाने पैशाच्या रूपात काही द्यावे का? आणि दिले तर ती सेवा उरते का?

स्वयंसेवकांच्या दलांचा आपल्याकडचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. ६ डिसेंबर १९४६ रोजी त्या वेळच्या मुंबई प्रांतात होमगार्डची स्थापना झाली. दंगलींच्या त्या काळात पोलिसांना मदत करणारे नागरिकांचे दल उभे करावे, ही कल्पना मोरारजी देसाई यांची. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर निरनिराळ्या राज्यांतील अशी दले एका देशव्यापी रचनेत आणली गेली. आपल्या छत्तीसगडमध्ये याच दलाला नगर सेना म्हणतात. पूर, आग, यात्रा, निवडणूक, सगळीकडे हे लोक दिसतात. कायद्याच्या दृष्टीने ते स्वयंसेवक. पगार नाही, कामावर बोलावले त्या दिवसांचा भत्ता.

पण पंधरा-वीस वर्षे हेच काम करणाऱ्याचे काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हिमाचल प्रदेशातील गृहरक्षकांच्या संघटनेच्या प्रकरणात ११ मार्च २०१५ रोजी निकाल लागला. न्यायालयाने त्यांना कायम नोकरीचा हक्क दिला नाही. मात्र महिन्याच्या ३० दिवसांचा भत्ता मिळून पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा, असे सांगितले. म्हणजे स्वयंसेवक हा स्वयंसेवकच राहिला, पण त्याच्या दिवसाची किंमत ठरली. तरीही हा भत्ता कामाच्या दिवसाचा झाला. वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे मोल त्यात येत नाही.

ते मोल करण्याची एक पद्धत अमेरिकेत आहे. तिथे २०२० साली सुमारे ६५ टक्के अग्निशामक जवान स्वयंसेवक होते. लहान गावांत तर सगळी भिस्त त्यांच्यावरच. तरुण येईनात, आलेले टिकेनात, म्हणून तिथल्या अनेक राज्यांनी दीर्घसेवा योजना सुरू केल्या. न्यूयॉर्क राज्यात आगीच्या हाकेला धावणे, सराव, प्रशिक्षण, सभा यांना गुण असतात. वर्षात ५० गुण झाले तर ते वर्ष सेवेचे धरले जाते. वर्षे साठत जातात आणि ठरलेल्या वयानंतर त्या हिशेबाने रक्कम मिळते. योजना सुरू करायची की नाही, हे गावचे मतदार मतदानाने ठरवतात. २०१७ च्या केंद्रीय करकायद्याने अशा योजनांमध्ये सेवेच्या एका वर्षापोटी जमा करता येणाऱ्या रकमेची मर्यादा ३,००० डॉलरवरून ६,००० डॉलर केली.

आता आक्षेप. पैसा आला की सेवाभाव जातो, असे आपल्यातले ज्येष्ठ म्हणतील. तो आक्षेप पोकळ नाही. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानाबद्दल नेमके हेच मांडले होते. आपल्याकडेही पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण एका बाटलीचे पैसे मोजणे वेगळे आणि वीस वर्षे झिजलेल्या कमरेची काळजी घेणे वेगळे. पहिल्यात आपण रक्त विकत घेतो. दुसऱ्यात सेवा आधी होऊन गेलेली असते, आपण फक्त तिची आठवण ठेवतो. प्रत्येक उडीचे पैसे द्या, असे मी म्हणत नाही. तसे केले तर तो मनुष्य उडी मारण्याआधी हिशेब करू लागेल. वर्षांची कदर करा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग आपले मंडळ काय करू शकेल? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाचा कोणीही बँक खातेदार त्यात येतो. घाटावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाचा, आपल्या कार्यकर्त्यांचाही, हप्ता मंडळाने भरावा.

दुसरी, दीर्घसेवा निधी. मंडळाच्या वर्गणीतून वेगळे खाते काढावे. वर्षभरात ठरलेली हजेरी आणि एक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याच्या नावे दोन हजार रुपये जमा करावेत. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर त्याचा हक्क पक्का व्हावा. दहा माणसांचे वर्षाला वीस हजार होतात. आपल्या मांडवाची रोषणाई डोळ्यांसमोर आणा आणि मग ही रक्कम मोठी आहे का ते सांगा. हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा.

तिसरी, जे आधीच थकले त्यांच्यासाठी नियम मागील तारखेपासून लावावा. सुरुवात त्या सायकलवाल्यापासून करावी. त्याची वीस वर्षे आपण डोळ्यांनी पाहिली आहेत, त्याला आणखी कोणता पुरावा हवा?

सत्कार बंद करा, असे मी म्हणत नाही. शाल जरूर द्या. फक्त पुढच्या वर्षी त्या शालीबरोबर एक पासबुकही द्या.



गणपती बाप्पा मोरया!