शिक्का आणि करुणा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मुंबईतील विक्रोळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. १९६६ साली या विक्रोळीत अमेरिकेहून एक परिचारिका आल्या. वय वर्षे ६८. ज्या वयात माणूस सेवा घेण्याची अपेक्षा करतो, त्या वयात ‘पीस कोअर’ या अमेरिकी सेवादलात स्वतःहून नाव नोंदवून त्या येथे आल्या आणि कारखान्याच्या वसाहतीत सुमारे दोन वर्षे रुग्णांची शुश्रूषा करीत राहिल्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. पुढे दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांचे थोरले चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

आजचा विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा, करुणा आणि राजकीय शिक्के. हा विषय मांडण्यासाठी मी या घराण्याची निवड केली, कारण तिन्ही गोष्टी येथे एकाच छपराखाली पाहावयास मिळतात.

एक घर, एक बायबल

जॉर्जिया हे अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्य. तेथील प्लेन्स या खेड्यात कार्टर कुटुंब राहत असे. कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, चर्च वेगळे, बसण्याची जागा वेगळी असा तो काळ होता. जिमी कार्टर यांचे वडील अर्ल कार्टर ही व्यवस्था योग्य मानणारे होते आणि ते चर्चच्या रविवारच्या वर्गात बायबल शिकवीत. आई लिलियन मात्र कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करीत. एकच घर, एकच बायबल, परंतु दोन दृष्टी.

येथे आपण लगेच वडिलांवर ‘वर्णभेदी’ आणि आईवर ‘पुरोगामी’ असे शिक्के मारून मोकळे होऊ. पण थांबा. १९५३ मध्ये वडील अखेरच्या आजारात असताना जिमी कार्टर नौदलातून गावी आले. तेव्हा गोरे आणि काळे, दोन्ही समाजांतील माणसे येऊन सांगू लागली की, या गृहस्थाने अडचणीच्या वेळी आम्हाला गुपचूप मदत केली होती. ज्या मुलाने आयुष्यभर वडिलांना पाहिले, त्यालाही हे ठाऊक नव्हते. वडिलांचे मत चुकीचे होते, यात शंका नाही. तथापि मत म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, हेही तितकेच खरे. नौदलातील उत्तम भवितव्य सोडून जिमी कार्टर गावी परतले, त्यामागे या अनुभवाचा वाटा होता.

पुढे कृष्णवर्णीयांना चर्चमध्ये प्रवेश द्यावा की नाही, हा प्रश्न त्यांच्याच गावातील चर्चपुढे आला. कार्टर कुटुंबाने बंदीच्या विरोधात मत दिले. त्यांच्या बाजूने पडलेली मते बोटांवर मोजण्याइतकी होती. मात्र कार्टर यांनाही देवत्व देण्याचे कारण नाही. १९७० च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांनी वर्णभेदवादी मतदारांना चुचकारले. निवडून आल्यावर, जानेवारी १९७१ मध्ये, पहिल्याच भाषणात त्यांनी वर्णभेदाचे दिवस संपल्याचे जाहीर केले. सत्तेच्या वाटेवर करुणेलाही मतांचा हिशेब करावासा वाटतो, हा धडा आपण विसरू नये.

दोन्ही बाजूंना नकोसा माणूस

‘उजवे’ आणि ‘डावे’ हे शब्द आले कोठून? १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकारांचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसले. बसण्याच्या जागेची ती सोय होती. त्या सोयीचे पुढे सिद्धान्तात रूपांतर झाले आणि आता तर माणसाची श्रद्धासुद्धा आसनव्यवस्थेवरून ओळखली जाऊ लागली आहे.

कार्टर या आसनव्यवस्थेत कोठेच बसेनात. ते उघडपणे श्रद्धावान बॅप्टिस्ट होते. गर्भपाताला त्यांचा व्यक्तिशः विरोध होता, परंतु न्यायालयाचा निर्णय राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी मान्य केला. त्यामुळे डाव्यांना ते फार धार्मिक वाटत, तर उजव्यांना पुरेसे धार्मिक वाटत नसत. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली आणि १९८० च्या निवडणुकीत श्रद्धावान ख्रिस्ती मतदारांचा मोठा वर्ग दर रविवारी चर्चला जाणाऱ्या कार्टर यांना सोडून रोनाल्ड रेगन यांच्यामागे उभा राहिला. महागाई आणि इराणमधील ओलीस प्रकरण हीदेखील पराभवाची मोठी कारणे होती. परंतु या निवडणुकीपासून अमेरिकेत ‘श्रद्धावान ख्रिस्ती’ म्हणजे ‘उजवा’ हे समीकरण रूढ झाले, असे म्हणावे लागेल.

नारू आणि हातोडा

पराभूत नेत्याने काय करावे? कार्टर यांनी हाती हातोडा घेतला. १९८४ पासून पत्नी रोझलिन यांच्यासह ते दरवर्षी एक आठवडा गरिबांसाठी घरे बांधण्याच्या कामाला जात. २००६ साली हे काम आपल्या लोणावळ्याजवळ झाले. वयाच्या ८२ व्या वर्षी हा माजी राष्ट्राध्यक्ष सह्याद्रीच्या कुशीत घरे उभारण्यासाठी राबत होता.

त्याहून मोठे काम नारूचे. येथे बसलेल्या ज्येष्ठांना नारू आठवत असेल. दूषित पाण्यातून शरीरात जाणारा आणि महिनोन्‌महिने वाढून कातडी फोडून बाहेर येणारा तो लांब जंत. या रोगावर लस नाही, रामबाण औषध नाही. पाणी गाळून प्या, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका, एवढाच उपाय. पण तो गावोगावी, घरोघरी पोहोचवावा लागतो. १९८६ मध्ये कार्टर यांच्या संस्थेने या रोगाविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व स्वीकारले, तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये संपूर्ण जगात केवळ १४ रुग्ण नोंदले गेले. आपला देश २००० साली नारूमुक्त घोषित झाला, त्याचे श्रेय प्रामुख्याने आपल्याच आरोग्यसेवकांचे. आफ्रिकेतील खेड्यांत पाणी गाळण्याचे कापड वाटताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही की पक्ष विचारला नाही.

एका कॅथेड्रलमधील दोन प्रसंग

२९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी कार्टर यांचे निधन झाले. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये त्यांना निरोप देण्यात आला. दोन्ही पक्षांचे पाच आजी-माजी राष्ट्राध्यक्ष तेथे उपस्थित होते. गुणगान सर्वांच्या कानी पडले.

अवघ्या बारा दिवसांनी, २१ जानेवारीला, त्याच कॅथेड्रलमध्ये बिशप मेरियन बडी यांनी नव्याने शपथ घेतलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना विनंती केली की, भयभीत झालेल्या स्थलांतरितांवर आणि समलिंगी मुलांवर दया करावी. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर ‘कट्टर डाव्या’ असा शिक्का बसला. दिवंगताची करुणा सर्वांना मान्य होती. करुणेची मागणी समोर येताच मात्र तिचा पक्ष शोधला गेला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी त्याच महिन्यात प्रतिपादन केले की, प्रेमाला क्रम असतो. प्रथम कुटुंब, मग शेजार, समाज, देशबांधव आणि नंतर उर्वरित जग. हा विचार टाकाऊ नव्हे. त्याची परंपरा ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनास यांच्यापर्यंत जाते आणि सीमा राखणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच असते. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी रोजी अमेरिकी बिशपांना लिहिलेल्या पत्रात भल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताचे स्मरण करून दिले. लुटला गेलेला वाटसरू रस्त्यात पडला आहे. धर्माचे अधिकारी बाजूने निघून जातात आणि ज्याला तो समाज हीन लेखतो, तो शोमरोनी त्याला उचलतो. लक्षात घ्या, या कथेत शिक्का बसलेला माणूस मदत मागणारा नाही, मदत करणारा आहे! क्रम आपल्याला किती करावे आणि कोणासाठी आधी करावे, हे सांगतो. समोर पडलेल्या माणसाकडे पाठ फिरवण्याची मुभा तो देत नाही.

मग धर्मांतराचे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. विल्यम विल्बरफोर्स हे ब्रिटनमधील थोर श्रद्धावान संसदपटू. त्यांच्या दीर्घ लढ्यामुळे १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला. परंतु याच विल्बरफोर्स यांनी १८१३ मध्ये कंपनीच्या सनदेच्या चर्चेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाव मिळावा म्हणून आग्रह धरला आणि हिंदू धर्माविषयी अत्यंत कठोर उद्गार काढले. ज्याने आफ्रिकेतील गुलामाच्या बेड्या पाहिल्या, त्याला आपल्या समाजावर स्वतःच मारलेला शिक्का दिसला नाही. करुणावंताचीही नजर शिक्का अशी अधू करतो. ज्या सेवेच्या मागे धर्मांतराचे किंवा मतांचे बिल येते, तो व्यवहार होय. त्याला करुणा म्हणता येणार नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाने परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे.

पण मित्रहो, ही कसोटी दुसऱ्याला लावण्यापूर्वी स्वतःला लावावी लागते. शिक्के कसे बसतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच दुसऱ्यावर शिक्का मारताना आपला हात क्षणभर थबकला पाहिजे. आपली करुणा आपल्या माणसांच्या वस्तीपाशी येऊन थांबते का? समोरच्याने केलेले चांगले काम, तो ‘तिकडचा’ आहे म्हणून आपण नाकारतो का? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने एकांतात द्यावीत.

विक्रोळीच्या त्या वसाहतीत साठ वर्षांपूर्वी ज्या आजारी बालकाच्या कपाळावर एका परदेशी वृद्धेने हात ठेवला असेल, त्याला तिचे चर्च ठाऊक नव्हते, तिचा पक्षही ठाऊक नव्हता. त्याला फक्त तो हात ठाऊक होता.