अंगणातील गुंजनपक्षी



या व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका परिचित गृहस्थांनी मला सांगितले, "हमिंगबर्ड ना? आमच्या जास्वंदीवर रोज सकाळी येतो." हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की आरंभीच त्याचा परामर्श घेणे इष्ट ठरेल. जास्वंदीवर येणारा तो चिमुकला, झळाळत्या पिसांचा, बाकदार चोचीचा पक्षी म्हणजे शिंजीर होय. तोही फुलांतील मध पितो. परंतु हमिंगबर्डशी त्याचे साम्य आहे ते व्यवसायाचे, रक्ताचे नव्हे. हमिंगबर्डचे खरे आप्त म्हणजे पाकोळ्या. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व अमेरिका खंडांत, अलास्कापासून टिएरा डेल फ्युएगोपर्यंत, आढळतात. जर्मनीत सापडलेल्या त्याच्या पूर्वजांच्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या अवशेषांचे वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे एके काळी हा पक्षी जुन्या जगातही होता. आज मात्र नाही.

या पक्ष्याविषयीचे लेखन मराठीत आणताना 'शिंजीर' हा शब्द वापरून मोकळे व्हावे, असा मोह मलाही झाला होता. वाचकाला पक्षी लगेच दिसला असता. पण भलताच दिसला असता. म्हणून 'गुंजनपक्षी' हा शब्द मी पत्करला. मूळ इंग्रजी नावही पंखांच्या गुंजारवावरूनच पडलेले आहे.

एकोणिसाव्या शतकातील या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणजे लंडनचा जॉन गूल्ड. १८४९ पासून त्याने गुंजनपक्ष्यांवरील आपला सचित्र ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८५१ मध्ये, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वर्षी, तेथील प्राणिसंग्रहालयात त्याने पेंढा भरलेले गुंजनपक्षी काचेच्या पेट्यांतून मांडले आणि ते पाहावयास लोकांची रीघ लागली. मौज अशी की तोपर्यंत खुद्द गूल्डने जिवंत गुंजनपक्षी पाहिलेला नव्हता! तो योग आला १८५७ मध्ये, फिलाडेल्फियातील बार्ट्रम यांच्या बागेत. कातड्यावरून जातीन्‌जात ओळखणाऱ्या माणसाला हा पक्षी उडतो कसा, हे एका बागेत उभे राहून शिकावे लागले. जिवंत पक्षी लंडनला नेण्याचा त्याचा प्रयत्न मात्र फसला, आणि तो का फसला असावा हे समजण्यास या पक्ष्याची भूक समजून घ्यावी लागते.

गूल्डने तेथे पाहिलेला पक्षी माणिककंठी जातीचा, म्हणजे रूबी-थ्रोटेड होय. अमेरिकेच्या पूर्व भागात नियमितपणे वीण घालणारी गुंजनपक्ष्याची ही एकच जात. वजन सुमारे ३ ग्रॅम. सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख हलवीत तो फुलासमोर अधांतरी स्थिर राहतो. एवढेच नव्हे, तर मागेही उडतो. शिंजीर बहुधा फुलाच्या देठावर बसून मध पितो, हा दोहोंतील सहज टिपता येण्याजोगा फरक आहे. अशा उड्डाणाला इंधन अतोनात लागते. दिवसभरात हा पक्षी आपल्या वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक मधुरस पितो. रात्री थंडी असली आणि साठा अपुरा असला, तर शरीराचे तापमान खाली उतरवून तो जडनिद्रेत जातो. पहाटे फांदीवर निश्चेष्ट बसलेला गुंजनपक्षी मेलेला समजून कोणी उचलू नये, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

जिभेविषयीही आपली समजूत अलीकडेच बदलली. केशनलिकेत पाणी आपोआप चढावे तसा मध जिभेवर चढतो, असे दीर्घकाळ मानले जाई. २०११ मध्ये आणि पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की जिभेची दुभंगलेली टोके मधात उघडतात व मिटताना तो पकडतात, आणि जिभेवरील चपट्या झालेल्या पन्हळी फुगताना मध आत ओढून घेतात. हे काम ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा करते.

आता बागेकडे वळू. न्यू जर्सी राज्यात माझ्या भावाच्या घरी मी एक उन्हाळा काढला होता. एप्रिलच्या अखेरीस हे पक्षी तेथे पोचतात, त्या सुमारास कोलंबाइनची लोंबती तांबडी-पिवळी फुले उमललेली असतात. मग तांबडी हनीसकल, जुलैत बी बाम, पुढे ट्रंपेट क्रीपर नावाचा वेल, ऑगस्टमध्ये ओलसर जागी कार्डिनल फ्लॉवर, आणि शेवटी ओढ्याकाठी रानोमाळ माजणारी ज्यूएलवीड. ही शेवटची आपल्या तेरड्याचीच बहीण आहे. तिची बोंडेही तशीच टिचकीसरशी फुटतात. ऋतुभर एकामागून एक काहीतरी फुलत राहील अशी लावणी करणे, हेच गुंजनपक्ष्यांना बोलावण्याचे खरे साधन. एकाच महिन्यात बाग पेटून उठावी आणि नंतर सामसूम व्हावी, असे झाले तर पक्षी शेजारी जातात.

परंतु केवळ मधावर त्यांचे भागत नाही. मधात साखर असते, प्रथिने जवळजवळ नसतात. त्यासाठी ते चिलटे, माव्याचे किडे, बारीक कोळी खातात. पिलांना तर कीटकांचा चारा हवाच. घरटे मादी एकटी बांधते. वनस्पतींचा कापूस, बाहेरून दगडफुलाचे तुकडे, आणि सारे बांधून ठेवण्यास कोळ्याच्या जाळ्याचे धागे. त्यात वाटाण्याएवढी दोन अंडी. कोळिष्टके झाडून काढणारा आणि फुलझाडांवर कीटकनाशक फवारणारा टापटिपीचा गृहस्थ या पक्ष्याला अन्नासही मुकवतो आणि घरट्यासही.

आणि साखरपाण्याची बाटली? तिच्याविषयी सविस्तर बोलणे भाग आहे, कारण अमेरिकेत घरोघर ती टांगलेली दिसते. प्रमाण सोपे आहे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी; फुलांतील मधाच्या गोडीशी ते बरेचसे जुळते. पोळ्यातील मध किंवा तपकिरी साखर घालावयाची नाही, कारण मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. बाजारात तांबडा रंग घातलेली तयार पूडही मिळते. तिची गरज नाही. बाटलीचे तोंड तांबडे असले की पुरते.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही जुलैत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो, तेव्हा बाटली उन्हात तशीच राहिली. परतलो तो पाणी गढूळलेले, नळीच्या तोंडाशी काळी बुरशी. मी बाटलीकडे पाहत असतानाच मादी आली, चोच घातली, मागे सरली, पुन्हा चोच घातली. त्या दुसऱ्या खेपेने मला फार ओशाळल्यासारखे झाले. फूल कोमेजले की पक्षी त्याच्याकडे वळत नाही. बाटली मात्र कुजलेली असली तरी त्याला बोलावीतच राहते. कडक उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी ती रिकामी करून गरम पाण्याने घासणे ज्याला जमणार नाही, त्याने ती टांगू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यानंतर आम्ही ती उतरवून ठेवली. पक्षी येत राहिले, फक्त खिडकीऐवजी बी बामच्या ताटव्यावर.

खिडकीवरून आठवले: काचेतील आकाशाच्या प्रतिबिंबावर आपटून असंख्य पक्षी मरतात. म्हणून बाटली काचेपासून हातभर अंतरावर तरी असावी, म्हणजे पक्ष्याला वेग घेण्यास जागाच राहत नाही, किंवा खूप दूर तरी असावी. मांजरांची गोष्ट सांगावयास नको.

निरीक्षणासाठी दुर्बीण फारशी लागत नाही. लागते ती खुर्ची आणि चिकाटी. नराचा गळा बराच वेळ काळाच दिसतो. तो मान वळवतो आणि क्षणार्धात निखारा फुलावा तसा तांबडा पेटतो. तो तांबडेपणा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो, म्हणून सूर्य आपल्या पाठीशी असेल अशी बैठक निवडावी. स्वभाव विलक्षण भांडखोर. एक नर साऱ्या ताटव्यावर मालकी सांगतो आणि भुंग्यांवरही धावून जातो. म्हणून फुले एकाच ठिकाणी न लावता घराच्या दोन बाजूंस लावावीत.

ऑगस्टच्या अखेरीस ते अंगावर चरबी चढवू लागतात. वजन जवळजवळ दुप्पट होते. मग मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे प्रस्थान. त्यांतील अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात, सुमारे ८०० किलोमीटरचे पाणी, न थांबता ओलांडतात. बाटली टांगलेली राहिली तर पक्षी निघावयाचे विसरतात, ही भीती निराधार आहे. ते दिवस लहान होण्यावरून निघतात. आमच्या ओढ्याकाठी शेवटची मादी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिसली, ज्यूएलवीडवर.

प्रशांत किनाऱ्यावर मात्र माणसाच्या बागांनी निराळेच घडवून आणले. ॲना नावाची जात विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कॅलिफोर्निया व त्याच्या दक्षिणेस वीण घालीत असे. परदेशी फुलझाडे आणि बाटल्या यांच्या आधाराने ती १९३० नंतर उत्तरेकडे सरकत गेली आणि आज कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात हिवाळाही काढते. तेथील लोक बर्फाच्या दिवसांत पाणी गोठू नये म्हणून पहाटे उठून बाटल्या बदलतात. याला उपकार म्हणावा की लावलेली सवय, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

आता आपल्या त्या परिचित गृहस्थांसाठी दोन शब्द. गुंजनपक्षी आपल्याकडे आला नाही, त्याची फुले मात्र आली आहेत. आपल्या बागांतून कुंपणाला लावतात ते नारिंगी-तांबड्या नळीसारख्या फुलांचे हमेलियाचे झुडूप मूळचे फ्लोरिडापासून अर्जेंटिनापर्यंतचे; तेथे त्यावर गुंजनपक्षी येतात. माझ्या घराच्या फाटकाशी ते आहे. त्यावर सकाळी जांभळ्या शिंजिरांची जोडी येते, डहाळीवर बसते, फुलात चोच घालते. बाटली मी टांगलेली नाही.