टंक्याची साक्ष

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सनावळ्या मला कधीच पाठ झाल्या नाहीत. पण शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे बाईंनी शिकवलेलं पक्कं राहिलं. नोकरीनिमित्त बंगालमध्ये असताना ती बेरीज कामी आली.

तिथे एका संग्रहालयात चांदीचा टंका पाहिला. आपला ‘टाकसाळ’ शब्द त्याच ‘टंका’चा नातेवाईक. बंगालच्या सुलतानांची नाणी अरबी लिपीतली; यावर मात्र बंगाली अक्षरं, ‘दनुजमर्दनदेव’ हे नाव, मागे ‘श्रीचण्डीचरणपरायण’ आणि शक 1339. म्हणजे इ. स. 1417.

त्या काळी बंगालचं सिंहासन वादात होतं. राजा गणेश या जमीनदाराने सत्ता बळकावली, जौनपूरचा सुलतान चालून येताच मुलाला मुसलमान करून गादीवर बसवलं आणि संकट टळल्यावर पुन्हा स्वतः राज्य घेतलं, अशी कथा ‘रियाज-उस-सलातीन’मध्ये आहे. पण तो ग्रंथ 1788 चा, म्हणजे पावणेचारशे वर्षांनंतरचा!

नाणी त्याच काळातली. गणेशाच्या मुलाची, जलालुद्दीनची, नाणी हिजरी 818 पासून मिळतात, मग खंड पडतो आणि 821 पासून ती पुन्हा सुरू होतात. नेमक्या त्या खंडात दनुजमर्दनदेवाचे टंके बसतात. तेही पांडुनगर, सुवर्णग्राम आणि चाटीग्राम अशा दूरदूरच्या टाकसाळींतले. म्हणजे हा एखाद्या गढीपुरता राजा नव्हता.

मग दनुजमर्दन म्हणजेच गणेश का? नलिनीकांत भट्टशालींनी 1922 च्या ग्रंथात तसं मांडलं. इतर काहींना ते पटलं नाही. ‘गणेश’ नावाचं नाणं मिळालेलं नाही. नाणं सांगतं ते एवढंच: या वर्षी, या गावी, या नावाने चांदी पाडली गेली. बाकीचा आपला तर्क.

बाई, माझ्या उत्तरपत्रिकेत तुम्ही लाल शाईने एकच शब्द लिहायचात, ‘पुरावा?’ तेव्हा राग यायचा. त्या काचेसमोर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

दोस्तांनो, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज इतिहास येतो. कोणी कोणाला लुटलं, कोणाचं राज्य खरं. माझ्याकडूनही न तपासता पुष्कळ पुढे गेलं आहे, हे कबूल करतो. यापुढे बोट दाबण्याआधी तो लाल शब्द आठवेन. तुम्हीही आठवा.

बाई, उत्तर द्यायला चाळीस वर्षं लागली. गुण द्याल ना?